'दीर्घायुष्याचे जनुक' : षष्ठीचा एक प्रश्न

मराठीत 'तापाचे औषध' ताप घालविते, 'झोपेचे औषध' झोप आणते आणि 'उंदरांचे औषध' उंदरांना मारते. तिन्ही ठिकाणी प्रत्यय एकच, औषध हे नामही एकच. क्रिया मात्र तीन. संस्कृत व्याकरणपरंपरेने षष्ठीला कारकांच्या पंक्तीत बसविले नाही. कारण तिचा क्रियापदाशी साक्षात संबंध नसतो. एका नामाला दुसऱ्या नामाशी जोडले की तिचे काम संपते. तो संबंध कोणत्या प्रकारचा, हे ऐकणाऱ्याने आपल्या अनुभवावरून भरून घ्यावयाचे असते. ताप, झोप आणि उंदीर यांचा अनुभव सर्वांनाच असल्यामुळे व्यवहार अडत नाही. परंतु 'दीर्घायुष्याचे जनुक', 'वार्धक्याचे जनुक', 'अल्झायमरचे जनुक' हे प्रयोग वाचणाऱ्यापाशी भरून घेण्याजोगा अनुभव नसतो. मग तो सर्वांत सोपी क्रिया भरतो: दीर्घायुष्य देणारे, वार्धक्य आणणारे, अल्झायमर जडविणारे. गेल्या चार दशकांतील जराविषयक आनुवंशिकीचे संशोधन सामान्य वाचकापर्यंत पोहोचले ते बहुतांशी या तीन क्रियांच्या रूपाने, आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी ती क्रिया चुकीची आहे. दोष केवळ मराठीचा नव्हे. इंग्रजीतील दोन नामांचा समास तर प्रत्ययही गाळून टाकतो. विग्रह करावयाचा झाल्यास तेथेही हीच अडचण उभी राहते.

जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा आणि दोन-तीन आठवडे जगणारा सूत्रकृमी हा या संशोधनाचा आरंभबिंदू. मायकेल क्लास यांनी १९८३ मध्ये त्याचे दीर्घायुषी उत्परिवर्तित वाण वेगळे केले. १९८८ मध्ये फ्रीडमन व जॉन्सन यांनी त्यांतील जनुकास 'एज-१' हे नाव दिले. १९९३ मध्ये सिंथिया केनयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डाफ-२' या जनुकात उत्परिवर्तन झालेले कृमी मूळ वाणाच्या दुपटीहून अधिक जगतात, असे दाखविले. येथे 'दीर्घायुष्याचे जनुक सापडले' असे म्हटले की विधान नेमके उलटे होते. आयुष्य वाढले ते जनुकाचे कार्य मंदावल्यामुळे. धडधाकट डाफ-२ ते आखूडच ठेवते. मग ते आयुष्य आखूड करण्यासाठी आहे काय? तसेही नाही. गॅरी रुवकुन यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवून दिले की, हे जनुक इन्शुलिनच्या ग्राहीशी साम्य असलेले प्रथिन घडविते. अन्न मुबलक आहे, आता वाढा आणि प्रजोत्पादन करा, अशा आशयाचा संदेश पेशींपर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम. हा संदेश दुबळा झाला की कृमी जणू दुष्काळ पडल्याप्रमाणे वागतो. त्याची शक्ती वाढीकडून टिकावाकडे वळते, आणि आयुष्य लांबते ते या वळणाचा परिणाम म्हणून. त्याची किंमतही द्यावी लागते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एज-१ चे दीर्घायुषी कृमी व मूळ वाणाचे कृमी एकत्र वाढविले, तेव्हा सतत अन्न मिळत असता दोहोंत फरक पडला नाही. परंतु उपासमारीची आवर्तने सुरू होताच मूळ वाणाने दीर्घायुषी वाणाला झपाट्याने मागे टाकले.

नावांच्या दृष्टीने पाहता 'डाफ' हे नाव अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. प्रतिकूल काळात कृमीची अळी जी टिकाऊ अवस्था धारण करते तिला 'टिकणे' या अर्थाच्या जर्मन शब्दावरून 'डाउअर' म्हणतात. त्या अवस्थेच्या निर्मितीतील बिघाड ज्यामुळे दिसला त्या जनुकांना हे नाव पडले. संशोधकाने जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच ते सांगते. फळमाशीचे संशोधक मात्र अधिक हौशी निघाले. १९९८ मध्ये त्यांनी एका जनुकाला 'मेथुसेलाह' हे बायबलमधील ९६९ वर्षे जगलेल्या पुरुषाचे नाव दिले. वस्तुतः माशी अधिक जगली ती त्या जनुकात बिघाड झाल्यावर. २००० मधील 'इंडी' हे नाव तर 'मी अजून मेलो नाही' या अर्थाच्या, एका विनोदी चित्रपटातील इंग्रजी उद्गाराची आद्याक्षरे होत. त्या जनुकाचा हा प्रताप सर्व वाणांत दिसून येत नाही, असे २००७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखविले. चित्रपटातील विनोद तेवढा नावात टिकून राहिला आहे. याउलट जपानमध्ये कुरो-ओ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उंदरांत ओळखलेल्या जनुकाला आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेवरून 'क्लोथो' म्हटले. हे जनुक निकामी झाले की उंदराच्या रोहिण्या कठीण होतात, हाडे ठिसूळ होतात आणि तो लवकर मरतो. २००५ च्या प्रयोगात त्याचे कार्य वाढविल्यावर उंदीर अधिक काळ जगले. म्हणजे एक पौराणिक नाव बिघडलेल्या जनुकाच्या परिणामाचे, तर दुसरे सुस्थितीतील जनुकाच्या कार्याचे. मराठी वृत्तलेखक या दोहोंसाठी 'दीर्घायुष्याचे जनुक' हेच शब्द वापरतो, तेव्हा तापाचे औषध आणि झोपेचे औषध एकाच बाटलीत ओतले जाते.

मानवी रोगांकडे वळल्यावर हा घोळ शब्दांपुरता राहत नाही. ऐन तारुण्यात केस पिकणे, मोतीबिंदू, मधुमेह अशी वार्धक्याची लक्षणे दाखविणाऱ्या वर्नर विकाराशी निगडित जनुक १९९६ मध्ये सापडले. ते प्रत्येक माणसात असते. डीएनएचे पीळ उलगडून त्याच्या दुरुस्तीस साहाय्य करणे हे त्याचे कार्य, आणि त्याच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तरच विकार होतो. तेव्हा 'वर्नर विकाराचे जनुक' हे 'तापाच्या औषधा'च्या जातीचे. हंटिंग्टन रोगाची गोष्ट निराळी. १९९३ मध्ये ओळखलेल्या त्याच्या जनुकात तीन अक्षरांचा एक गट पुनःपुन्हा येतो. ही पुनरावृत्ती ४० वा अधिक झाली की, माणूस पुरेसा जगल्यास रोग होतोच. येथे 'घडविणारे' ही क्रिया भरण्यास हरकत नाही, मात्र ती जनुकाच्या त्या लांबलेल्या रूपाला लावावयाची.

हंटिंग्टनचेच उदाहरण जराशास्त्राच्या उत्क्रांतिविषयक मीमांसेच्या मुळाशी आहे. असा घातक रोग नैसर्गिक निवडीने नाहीसा का केला नाही? कारण तो बहुधा मुले झाल्यानंतर प्रकटतो, असे हाल्डेन यांनी १९४१ मध्ये सुचविले. पीटर मेडावर यांनी लंडन येथील १९५१ च्या व्याख्यानात त्या सूचनेचा विस्तार केला, आणि जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये तीत एक महत्त्वाची भर घातली: एकच जनुक तारुण्यात उपकारक आणि उतारवयात अपकारक असू शकते, व निवड पहिल्या परिणामाचीच गणती अधिक करते. हे मान्य केले म्हणजे 'वार्धक्याचे जनुक' हा प्रयोग मुळातच लंगडा ठरतो. त्याच जनुकाला 'तारुण्याचे जनुक' म्हणण्याचा अधिकार तितकाच आहे.

'आनुवंशिकता' या शब्दाविषयीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. गुणांचे पिढ्यान्‌पिढ्या उतरणे आणि एखाद्या समूहातील फरकांपैकी आनुवंशिक फरकांचा वाटा, या दोन भिन्न कल्पनांना मराठीत सर्रास हा एकच शब्द लावला जातो. १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या डॅनिश जुळ्यांच्या १९९६ मधील अभ्यासाने आयुर्मानातील हा वाटा पुरुषांत २६ व स्त्रियांत २३ टक्के काढला. २०१८ मध्ये कोट्यवधी व्यक्तींच्या वंशावळी तपासणाऱ्यांना तो १० टक्क्यांहून कमी आढळला. पतिपत्नी आयुष्याच्या लांबीवर प्रभाव टाकणाऱ्या बाबतींत परस्परांसारखी असतात, ही गोष्ट त्यांनी हिशेबात घेतली होती. 'आयुष्य २५ टक्के आनुवंशिक असते' हे वाक्य यांपैकी कोणत्याही अभ्यासातून निघत नाही. हा वाटा समूहाचा असतो; एका माणसाच्या ८० वर्षांतील २० वर्षे आईबापांची, असा त्याचा अर्थ नव्हे. त्यासाठी 'आनुवंशिक वाटा' असा साधा शब्द रूढ झाल्यास बरे.

सर्वांत अधिक नुकसान होते ते 'अल्झायमरचे जनुक' या प्रयोगाने. एपीओई नावाचे हे जनुक मेदद्रव्यांच्या वहनाचे प्रथिन घडविते व सर्वांतच असते. त्याची ई-२, ई-३ व ई-४ ही तीन प्रमुख रूपे प्रथिनाच्या केवळ दोन जागी भिन्न आहेत. ई-४ मुळे उतारवयातील अल्झायमरचा धोका वाढतो, हे १९९३ पासून ज्ञात आहे. परंतु ई-४ असूनही निरोगी राहिलेले वृद्ध पुष्कळ आहेत आणि ई-४ नसलेले रोगीही पुष्कळ. म्हणून 'धोका वाढविणारे रूप' हे वर्णन तीस वर्षे चालले. २०२४ मध्ये बार्सिलोनातील संशोधकांनी ते बदलण्याचा प्रस्ताव मांडला: ज्यांच्यात ई-४ च्या दोन प्रती आहेत त्यांची अवस्था हा निव्वळ धोका न मानता अल्झायमरचा एक स्वतंत्र आनुवंशिक प्रकारच मानावा. आधार असा की, अशा व्यक्तींपैकी सुमारे ९५ टक्क्यांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात वयाच्या पासष्टीपर्यंत अमिलॉइडची पातळी विकृत झालेली आढळली.

या प्रस्तावात एका शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. २०१८ च्या अमेरिकन संशोधन-चौकटीने 'अल्झायमर रोग' याची व्याख्या मेंदूतील जैविक चिन्हांवरून केली, तर घरात आणि दवाखान्यात त्या शब्दाचा अर्थ स्मृती जाणे हाच राहिला. चिन्हे जवळजवळ सर्वांत आढळणे निराळे, आणि विस्मृती जवळजवळ सर्वांस होणे निराळे. संशोधकांचे विधान पहिल्या अर्थाने बरेच बळकट आहे. ऐकणारा ते दुसऱ्या अर्थाने घेतो. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे २ टक्के व्यक्तींच्या ठिकाणी ई-४ च्या दोन प्रती असतात. 'धोका' ऐवजी 'प्रकार' म्हटल्याने यांतील धडधाकट माणसेही एका शब्दासरशी रुग्ण ठरतात. औषधांच्या चाचण्यांसाठी हे वर्गीकरण उपयुक्त आहे, हे खरे. निदानपत्रावर मात्र ते अद्याप येऊ नये.

शिवाय हा पुरावा मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. १९९७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले तेव्हाच ई-४ चा प्रभाव जपानी लोकांत अधिक तीव्र आणि आफ्रिकन अमेरिकनांत क्षीण असल्याचे दिसले होते. तेव्हा पुण्या-नागपुरातील एखाद्याच्या हाती 'ई-४, दोन प्रती' असे चाचणीपत्रक पडले, तर त्याखाली मराठीत एवढेच लिहिता येईल: 'जनुकाच्या या रूपाच्या दोन प्रती असलेल्या युरोपीय वंशाच्या व्यक्तींपैकी बहुतेकांच्या मेंदूत पासष्टीपर्यंत अमिलॉइड साचू लागल्याची चिन्हे आढळली आहेत, त्यांतील सर्वांची स्मृती जातेच असे नाही.' वाक्य लांब आहे, आणि चाचणीपत्रकावर त्यास जागा करून द्यावी लागेल.