सोलापूरचे भाषण आणि चर्चचे दप्तर

येवल्याच्या १९३५ सालच्या घोषणेनंतर बाबासाहेबांच्या दारात बहुतेक सगळ्या धर्मांची माणसे येऊन गेली. कोणी आश्वासने दिली, कोणी पैशांची भाषा केली, कोणी नुसतेच स्वागत केले. त्या धामधुमीच्या काळात सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बाबासाहेबांनी एक भाषण केले. 'जनता'च्या ५ फेब्रुवारी १९३८ च्या अंकात ते छापले गेले. या भाषणातील एक गोष्ट आता पाठ झाल्यासारखी सांगितली जाते: बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन वेधले आहे असे बाबासाहेब म्हणाले. नाताळच्या व्यासपीठावरचा वक्ता एवढे सांगतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. पुढचे तो सांगत नाही, कारण पुढचे त्याच्याच समाजाविषयी आहे.

पुढे बाबासाहेबांनी सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींना जवळजवळ फैलावरच घेतले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: तुमच्यात मॅट्रिक झालेली मुलेमुली शेकड्यांनी आहेत. पण मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की तो आपल्या संसाराचा होतो. सार्वजनिक कामात दिसत नाही. आमचे अस्पृश्य अडाणी आहेत, पण चळवळीत आहेत. म्हणून मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या १५ जागा आहेत, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. तोच मुलगा ख्रिस्ती झाला की शिष्यवृत्ती बंद होते, घरची गरिबी मात्र तीच राहते. तुम्ही राजकारणात असता तर हे घडले नसते.

भाषण होऊन आठ दशके उलटून गेली. आजही एखाद्या दलित ख्रिस्ती विद्यार्थ्याला हा मजकूर तारीख न सांगता वाचून दाखवला तर तो कालचाच आहे असे त्याला वाटेल. या भाषणाचे महत्त्व तेथे आहे, स्तुतीच्या एका वाक्यात नाही.

याच विषयावरचे बाबासाहेबांचे दोन लेख, 'ख्रिश्चनायझिंग द अनटचेबल्स' आणि 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट', त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नव्हते. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेल्या पाचव्या खंडात ते आले. भाषण आणि हे लेख एकत्र वाचले म्हणजे आरोपाचा पूर्ण आराखडा दिसतो. मिशनऱ्यांनी शिक्षण आणि औषधोपचार या क्षेत्रांत केलेले काम बाबासाहेब नाकारीत नाहीत, उलट मोकळ्या मनाने मान्य करतात. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: हे काम कोणाच्या पदरात पडले? ब्राह्मण जिंकला की बाकीचा समाज आपोआप मागे येईल या हिशेबाने मिशनने उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर पैसा ओतला. ते शिकले, मोठे झाले आणि हिंदूच राहिले. जो खरोखर धर्मात आला तो महार, मांग, माला, मादिगा, परैया. त्याच्या वाट्याला गावची शाळा आली. दुसरा आरोप धर्मशास्त्राचा आहे. माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या स्वतःच्या पापात आहे असे ज्याला दर रविवारी शिकवले जाते, तो स्वतःला सुधारायला बघतो. भोवतालची व्यवस्था बदलायला तो उठत नाही.

पहिल्या आरोपाला महाराष्ट्राचा इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आल्यावर आपणही अशी शाळा काढावी असे त्यांच्या मनाने घेतले, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण याच फॅरारबाईंकडे झाले. फुल्यांच्या शाळेतील मांग समाजाची मुलगी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदय'ने. म्हणजे मिशनच्याच पत्राने. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने महार मुलाला दारातून परत पाठवले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चार पानांची किंमत कळते. हे ऋण आहे आणि ते उघड सांगितले पाहिजे; आपल्यातले काही लोक ते सांगताना उगाच ओशाळतात.

परंतु फुल्यांनीच १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होणाऱ्या उधळपट्टीची तक्रार केली, ती सरकारविरुद्ध होती तरी मिशनच्या कॉलेजांना तितकीच लागू पडत होती. आणि वाङ्मयाकडे पाहा. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपल्या अभ्यासक्रमात कोण येते? 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी, ते कासार. रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई, हे ब्राह्मण. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. 'स्मृतिचित्रे' तर मराठीतले अजोड पुस्तक आहे, आणि सोवळेओवळे एका बाईच्या हाडातून कसे हळूहळू निघते याचा त्याइतका प्रामाणिक दाखला आपल्याकडे दुसरा नाही. पण नगर जिल्ह्यातील ज्या महार-मांगांनी चर्चची बाके भरली, त्यांच्या नावाने एक पुस्तकसुद्धा या यादीत का नाही? दुष्काळात ते ख्रिस्ती झाले म्हणून त्यांना हिणवले गेले. भुकेल्या माणसाने भाकरी देणाऱ्याच्या देवावर विश्वास ठेवला, यात हिणवण्यासारखे काय आहे, हे मला आजवर समजलेले नाही. लाजायचे असेल तर ज्याने भाकरी दिली नाही त्याने लाजावे.

दुसऱ्या आरोपाबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. पापाची शिकवण माणसाला आत वळवते, हे बाबासाहेबांनी आपल्याकडच्या प्रवचनांवरून काढलेले निदान आहे आणि त्या प्रवचनांपुरते ते अचूक आहे. पण बायबलमध्ये ईजिप्तची गुलामी सोडून निघालेल्या लोकांची कथाही आहे. त्याच पुस्तकातून अमेरिकेतील काळ्या चर्चने मार्टिन ल्यूथर किंग उभा केला; पेरूच्या गुतिएरेस यांनी १९७१ साली मुक्तीचे धर्मशास्त्र मांडले. आपल्याकडेही अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरला शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली आणि पुढे दलित धर्मशास्त्र नावाचा विचारच उभा राहिला. म्हणजे दोष ग्रंथात नसून तो वाचणाऱ्यात आणि वाचून दाखवणाऱ्यात आहे. पण हा विचार मुख्यतः इंग्रजीत आणि सेमिनरीच्या भिंतींत राहिला. निर्मळांसारखा मराठी माणूस त्याचा आद्य प्रवर्तक असून नगर-जालन्याच्या खेड्यातील ख्रिस्ती शेतमजुरापर्यंत त्याचा एक धडा पोचू नये, ही काही साधी गोष्ट नव्हे. व्यासपीठावर कोण उभा राहतो, हा प्रश्न येथे येतो.

जातीचा प्रश्न चर्चला नवा नाही. १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद ताबडतोब आणि कायमचा टाकला पाहिजे असे फर्मान काढले, तेव्हा तंजावरच्या वेल्लाळ ख्रिस्त्यांनी चर्च सोडले. जात सोडली नाही. तमिळनाडूतील वडक्कनकुळमच्या कॅथलिक चर्चमध्ये वेल्लाळ आणि नाडर एकमेकांना दिसू नयेत म्हणून मध्ये भिंत होती, ती १९१० साली पडली. हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. मग ९ मार्च २००८ ला एरैयूरला काय झाले? दलित ख्रिस्ती आणि वन्नियार ख्रिस्ती, एकाच मातेच्या चर्चचे लोक, एकमेकांवर धावले आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. आणि आपल्या शेजारच्या गोव्यात तर बामण, चाड्डी, सुदीर ही नावे ख्रिस्ती घरांतच चालतात. कोणत्या कॉन्फ्रारियात कोणाला शिरता येईल यावर कितीतरी फेस्ते भांडणात गेली.

पुण्यात १९९१ साली भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या बैठकीत पोपचे प्रतिनिधी आर्चबिशप जॉर्ज झुर यांनी तोंडावर सांगितले की चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या खालच्या जातींना आणि आदिवासींना निर्णयात स्थान नाही. परक्या माणसाने येऊन हे सांगावे लागले. पहिला दलित आर्चबिशप, मारमपुडी जोजी, हैदराबादला नेमला गेला तो २००० साली. पहिला दलित कार्डिनल, अँथनी पूला, २०२२ साली. २०१६ च्या डिसेंबरात बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे अशी लेखी कबुली दिली. कबुली चांगलीच. पण धोरण छापणे आणि सेमिनरीच्या प्रवेशाची वही उघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रॉटेस्टंटांची गोष्ट वेगळी असेल असे मानण्याचे कारण नाही. १९७० साली नागपूरला अनेक मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा पंथांच्या भिंती पडल्या म्हणून आनंद झाला. पुढे कितीतरी ठिकाणी बिशपपदाची निवडणूक आणि मिशनच्या जमिनींचे खटले यांतच धर्मकार्य गुंतून पडले. ज्या जमिनीवर एकेकाळी महार-मांगांच्या मुलांचे बोर्डिंग होते, ती जमीन विकताना त्या मुलांच्या नातवंडांना विचारले गेले का?

आता शाळेकडे येऊ, कारण राजकारणाची गाठ शाळेतच आहे. घटना समितीत अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हा एच. सी. मुखर्जी, फादर जेरोम डिसूझा यांच्यासारख्या ख्रिस्ती नेत्यांनी त्या सोडून देण्यास संमती दिली. १९४९ च्या मे महिन्यात त्या गेल्या. राष्ट्राच्या ऐक्यासाठी केलेला हा त्याग म्हणून त्याची वाखाणणी होते. पण त्याच राज्यघटनेत कलम ३० आले: अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. म्हणजे समाजाचा राजकीय हक्क सोडला आणि संस्थेचा हक्क राखला. ज्यांच्यापाशी संस्था होत्या त्यांना हे परवडले. ज्यांच्यापाशी फक्त स्वतःचे हात होते त्यांना १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने गाठले: परिच्छेद ३, हिंदूखेरीज अन्य धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही.

हा परिच्छेद १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी बदलला. बौद्धांना महाराष्ट्र राज्याने १९६० पासून सवलती दिल्या, केंद्राच्या सवलतींसाठी तीस वर्षे मोर्चे, सत्याग्रह, निवेदने करावी लागली. सोलापूरच्या भाषणातला धडा कोणी गिरवला हे यावरून दिसते. दलित ख्रिस्त्यांच्या वतीने जो न्यायालयात गेला तो कोणी बिशप नव्हता, सूसाई नावाचा मद्रासचा चांभार होता. रस्त्यावर चपला शिवणाऱ्यांना सरकार फुकट टपऱ्या देत होते. ख्रिस्ती म्हणून त्याला नाकारली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. कारण काय दिले, ते नीट वाचण्यासारखे आहे. धर्मांतरानंतर जात राहते एवढे दाखवून भागणार नाही. ख्रिस्ती समाजातही तितकेच तीव्र सामाजिक दुःख भोगावे लागते याचा पुरावा पाहिजे.

हा पुरावा कोणापाशी होता? दफनभूमीचे नकाशे, बाप्तिस्म्याच्या नोंदी, सेमिनरीचे प्रवेश, शिक्षकांच्या नेमणुका, सगळे दप्तर चर्चच्या कपाटात. पण तो पुरावा मांडणे म्हणजे आमच्या घरात जात आहे हे कबूल करणे. सरकारकडे हक्क मागताना जात आहे म्हणायचे आणि रविवारी ख्रिस्तात आम्ही सर्व एक म्हणायचे, या दोन जिभांमुळे सूसाईचा अर्ज बुडाला असे मी म्हणेन. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला, त्याला मुदतवाढ मिळाली. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात केवळ आरक्षणासाठी सांगितलेले धर्मांतर म्हणजे घटनेशी फसवणूक असे म्हटले. तेव्हा वारा कोणीकडचा आहे हे सांगायला नको.

आणि त्या शाळा? ९३ व्या घटनादुरुस्तीने (२००५) खासगी संस्थांत आरक्षणाची वाट मोकळी केली, त्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या गेल्या. शिक्षण हक्काच्या कायद्यातील दुर्बल मुलांसाठीच्या २५ टक्के जागा २०१४ च्या निकालाने त्यांना लागू राहिल्या नाहीत. २०२५ साली न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यास सांगितले. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांतील ७४ टक्के मुले ख्रिस्ती नाहीत, आणि एकूण अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिक दुर्बल मुले ८.७६ टक्के. हा आयोग चर्चचा मित्र नव्हता, त्याच्या हेतूविषयी शंका घ्यायला जागा आहे. पण आकडा खोटा ठरवायचा असेल तर आपले हजेरीपट उघडून दाखवावे लागतील. ख्रिस्ती नसलेली मुले शाळेत असण्यात वाईट काही नाही, फुल्यांपासूनचा तोच इतिहास आहे. प्रश्न हा की त्या ७४ टक्क्यांत सफाई कामगाराचे मूल किती आणि बिल्डरचे किती.

एक अपवाद नोंदवला पाहिजे. झारखंडच्या आदिवासींत आयुष्य घालवलेले जेझुइट फादर स्टॅन स्वामी भीमा कोरेगावच्या खटल्यात २०२० साली पकडले गेले आणि ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या. त्यांनी ज्या जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कांसाठी काम केले, ते कॉन्व्हेंटच्या नववीच्या वर्गात शिकवले जातात का, हे पालकसभेत विचारून पाहावे.

दलित ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी आता आयोगापुढे आणि न्यायालयापुढे जाताना बिशपांच्या शुभेच्छापत्रावर भागवू नये. आपापल्या धर्मप्रांताकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: गेल्या वीस वर्षांत सेमिनरीत घेतलेल्या मुलांची जातवार यादी, शाळा-कॉलेजांतील शिक्षक आणि मुख्याध्यापकांची तशीच यादी, आणि जमिनींच्या व्यवहारांचा हिशेब. मिळाले तर जोडावे. नाही मिळाले तर नकाराचे पत्र जोडावे. सूसाईच्या वकिलापाशी तेवढेही नव्हते.