भाषांचे आकडे आणि आलेखाची सचोटी

भाषाविषयक प्रबंधांत आलेखांचा उपयोग वाढत चालला आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. लांबलचक सारणीतून जो संबंध ध्यानी यावयास पुष्कळ वेळ लागतो, तो आलेख एका दृष्टिक्षेपात दाखवितो. विल्यम प्लेफेअर ह्याने १७८६ साली आयात-निर्यातीचे आकडे रेषांनी मांडले ते ह्याच सोयीसाठी. परंतु जेथे सोय आहे तेथेच धोकाही आहे. सारणीतील आकडा वाचक वाचतो आणि पडताळून पाहतो. आलेख तो नुसता पाहतो, आणि जे डोळ्यांनी पाहिले ते त्यास सहसा खरे वाटते. म्हणून आलेख हा प्रबंधाचा अलंकार नसून ते एक विधान आहे, आणि अन्य विधानांप्रमाणेच त्यास खरेखोटेपणाची कसोटी लावली पाहिजे. ही कसोटी भाषागणनेच्या आलेखांस लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम अक्षाचा विचार करू. २००१च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६.९९ होते, २०११ साली ते ६.८६ झाले. हे दोन आकडे स्तंभांनी दाखविताना उभा अक्ष शून्याऐवजी ६.८ पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या एक-तृतीयांशाहूनही थोडा आखूड दिसेल. दहा वर्षांत मराठीची दाणादाण उडाली, असाच ग्रह वाचक करून घेईल. वस्तुतः प्रमाणातील ही घट मूळ प्रमाणाच्या शेकडा दोनहूनही कमी आहे, आणि प्रत्यक्ष संख्या तर ७.१९ कोटींवरून ८.३० कोटींवर गेली आहे. अक्षावर आकडे स्पष्ट छापले होते, हे समर्थन येथे पुरे पडत नाही. स्तंभाची भाषा लांबीची आहे. लांबी म्हणजे राशी, हा तिचा पहिला नियम. तो मोडून तळटीपेत खुलासा करणे म्हणजे वाक्यात 'आहे' लिहून समासात 'नाही' लिहिण्यासारखे आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल की, अक्ष नेहमी शून्यापासूनच घेतला तर सूक्ष्म फरक दिसणारच नाहीत. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर स्तंभाचा पाय कापणे हे नव्हे. जेथे राशीचा चढउतारच दाखवावयाचा आहे तेथे बिंदू किंवा रेषा वापरावी. तेथे वाचक लांबी मोजत नाही, स्थान आणि दिशा पाहतो. म्हणून अक्ष शून्यावाचून सुरू झाला तरी, तसे ठळकपणे सांगितल्यास, फसवणूक होत नाही. सारांश, नियम अक्षाचा नसून आकृतीच्या प्रकाराचा आहे. ह्याच न्यायाने वृत्तालेखाविषयीही सावध राहिले पाहिजे. समान पायावरील लांबीची तुलना माणूस कोन वा क्षेत्रफळ ह्यांच्या तुलनेपेक्षा अधिक अचूकपणे करतो, असे क्लीव्हलंड आणि मॅक्गिल ह्यांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखवून दिले. २०११ सालच्या मराठीचे शेकडा ६.८६ आणि तेलुगूचे ६.७० हे दोन वाटे वृत्तालेखात ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. शेजारी उभ्या केलेल्या स्तंभांत तो फरक निदान दिसतो तरी.

दुसरा दोष पायाभूत संख्या लपविण्याचा. २००१ ते २०११ ह्या दशकात अनुसूचित भाषांपैकी सर्वांत वेगाने वाढलेली भाषा कोणती? शेकडा वाढीचा स्तंभालेख काढला तर संस्कृतचा स्तंभ सर्वांहून उंच उभा राहतो: सुमारे ७५.६. हिंदीचा त्याच्या एक-तृतीयांशाएवढा, २५.२, मराठीचा १५.४. आकडे अचूक आहेत, अक्षही शून्यापासून आहे, तरी चित्र दिशाभूल करणारेच आहे. संस्कृतची वाढ १४,१३५ वरून २४,८२१, म्हणजे १०,६८६ माणसांची. मराठीची एक कोटी दहा लाखांहून अधिक. शिवाय आरंभीचे वर्ष बदलले की निष्कर्षही उलटतो. १९८१ साली संस्कृतची नोंद ६,१०६ होती, १९९१ साली ती ४९,७३६ झाली. १९९१ पासून रेषा काढली तर २०११ पर्यंत संस्कृत निम्म्यावर आली असे दिसते. २००१ पासून काढली तर ती झेपावत असल्याचे दिसते. इतका चढउतार जन्ममृत्यूंनी घडत नाही. मातृभाषेच्या रकान्यात लोकांनी काय सांगावयाचे ठरविले, हेच त्यात उमटले आहे. तेव्हा चारही दशके दाखविणे आणि हा अंक 'भाषिकांचा' नसून 'निवेदनाचा' आहे असे शीर्षकातच म्हणणे, हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

आता सर्वांत गंभीर दोषाकडे वळू. तो रेषा ओढण्याच्या आधीच घडतो. १९६१च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावे नोंदली गेली. २०११च्या जनगणनेत भाषांची संख्या १२१ दिली आहे. हे दोन बिंदू जोडून 'पन्नास वर्षांत दीड हजार भाषा लुप्त' असे शीर्षक द्यावयाचा मोह अनेकांस होतो. परंतु पहिला आकडा मातृभाषांच्या नावांचा आहे, तर दुसरा त्या नावांचे गट पाडून केलेल्या भाषांचा, आणि तोही १९७१ पासून रूढ झालेली दहा हजारांची किमान मर्यादा लावून काढलेला. २०११ साली लोकांनी सांगितलेली मूळ नावे १९,५६९ होती; छाननीनंतर १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, त्यांपैकी दहा हजारांवर भाषिक असलेल्या २७०, आणि त्यांचे गट १२१. एकाच अक्षावर दोन निरनिराळ्या गोष्टी ठेवल्या, तर त्यांतील रेषेस काहीच अर्थ उरत नाही. येथे हानी केवळ अभ्यासाची होत नाही. ज्या भाषेचे भाषिक नऊ हजार आहेत ती 'इतर'मध्ये जाते. आलेखात ती मेलेली दिसते, आणि मेलेल्या भाषेसाठी कोणी शाळा काढीत नाही की पाठ्यपुस्तक छापीत नाही.

हिंदीच्या स्तंभासही हेच लागू आहे. २०११ सालच्या ५२.८३ कोटींत 'हिंदी' असे सांगणारे ३२.२२ कोटी आहेत. उरलेल्यांत भोजपुरीचे ५.०६ कोटी, राजस्थानीचे २.५८ कोटी, छत्तीसगढीचे १.६२ कोटी आणि इतर अनेक आहेत. इकडे खानदेशी मात्र मराठीबाहेर स्वतंत्र मोजली आहे. हे वर्गीकरण योग्य की अयोग्य हा वाद निराळा. पण एकरंगी स्तंभ तो वाद झालाच नाही असे भासवितो. स्तंभाचे खंड पाडून घटक दाखविले तर वाचकास निर्णयाची सामग्री तरी मिळते.

सोपेपणासाठी काही वगळावेच लागते, हे आम्हांस मान्य आहे. सर्व काही दाखविणारा आलेख म्हणजे पुन्हा सारणीच. प्रश्न वगळण्याचा नसून काय वगळले हे सांगण्याचा आहे. प्रबंधातील प्रत्येक आलेखाखाली चार गोष्टी असाव्यात: काय मोजले, कोणत्या किमान मर्यादेने मोजले, एकूण संख्या किती, आणि मूळ आकडे कोठे पाहावेत. परीक्षकांनीही आलेख शोभेचा म्हणून उलटून न जाता, विधान म्हणून वाचावा. व्याकरणात आपण एका प्रत्ययावरून अर्थाचा निवाडा करतो. तीच चिकित्सा आपल्या आकृत्यांच्या वाट्यास का येऊ नये?