डोंगरीच्या कोठडीतला वाद

दिवाळी अंकाचे लेखन गणपती उठले की सुरू होते. यंदा संपादकांचे पत्र आले तेव्हा माझ्या उशाशी एक जुने पुस्तक होते, तेव्हा म्हटले, त्याच्याविषयीच लिहावे. पुस्तक गोपाळ गणेश आगरकरांचे, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’. पुष्कळांना त्याचे नाव पाठ असते. पुस्तक वाचलेले मात्र थोडेच. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत, जुन्या भाषेत मॅट्रिक. मुलुंडला मी बालवाडीचा वर्ग घेते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. म्हणून विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी माझ्याकडून ठेवू नये. हा लेख वाचता वाचता सुचलेल्या शंकांचा आहे.

हकीकत थोडक्यात अशी. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी मजकूर छापला. ज्या कागदांच्या आधारावर तो छापला ते खरे ठरले नाहीत. जुलै 1882 मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यात सूट मिळून 26 ऑक्टोबरला, एकशे एक दिवसांनी, दोघे सुटले. दोघांचे वय तेव्हा सव्वीस. आमच्याकडे या वयाचा मुलगा नोकरी बदलताना दहा जणांचा सल्ला घेतो!

पुस्तकाच्या नावातला ‘आमचे’ हा शब्द मला फार आवडतो. कोठडीत हे दोघे रात्र रात्र वाद घालीत, आणि आवाज असा चढे की पहारेकऱ्याला त्यांना गप्प करावे लागे. पुढे हाच वाद कोठडीबाहेर आला. 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि 1890 मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. हे सारे ठाऊक असलेल्या वाचकाला तो ‘आमचे’ चटका लावून जातो. एक लेखिका म्हणून मी म्हणेन, या पुस्तकाचे करुण त्याच्या पानांत नाही, पानांनंतर घडलेल्या गोष्टींत आहे.

वादाचा विषय कोणता? सरकारने माणसाच्या जगण्यात कुठवर यावे? अलीकडे पुन्हा एक मत मोठ्याने ऐकू येते. सरकारने चोर पकडावेत, न्याय द्यावा, सीमा राखाव्यात; शाळा, धर्म आणि घर यांच्या वाटेला जाऊ नये. मत नवे नाही. आगरकरांच्या पिढीने ते स्पेन्सर आणि मिल यांच्या ग्रंथांतून वाचले होते आणि काही अंशी आचरलेही होते. सरकारी नोकरीचा मोह सोडून त्यांच्या मित्रमंडळींनी 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. सरकारची मदत न घेता चाललेल्या या शाळेची हंटर कमिशनच्या अध्यक्षांनी मनापासून प्रशंसा केली. ज्यांना सरकारची शाळा नको त्यांनी आपली काढून दाखवावी, हे उत्तर मराठी माणसाने तेव्हाच दिले होते.

पण याच वेळी दुसरा एक माणूस उलट मागणी करीत होता. 19 ऑक्टोबर 1882 रोजी, म्हणजे डोंगरीचे दार उघडण्याच्या सातच दिवस आधी, जोतीराव फुले यांनी त्याच कमिशनपुढे आपले निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा आणि सरकारने शाळांतून अंग काढून घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत पाहा, 1848 साली मुलींची शाळा स्वतःच्या हिमतीवर काढणारा हा माणूस! खासगी हिमतीचे मोल त्याच्याइतके कोणाला कळणार? तरी तो सरकारला म्हणतो, जाऊ नका. कारण आपली हिंमत किती घरांपर्यंत पोहोचते आणि किती घरांच्या उंबऱ्याशी थांबते, हे त्याने मोजले होते. आणखी एक गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांतून निसटते. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन मिळवून देण्यासाठी फुल्यांनीच खटपट केली, त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे जामीन राहिले, आणि सुटकेनंतर सत्यशोधक मंडळींनी दोघांचा सत्कार केला. मते न जुळणाऱ्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी धावून जावे, हा स्वातंत्र्यवादाचा खरा धडा मला या जामिनात दिसतो.

धर्माची गोष्ट याहून अवघड. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा झाले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हे टिळकांचे म्हणणे. ते केवळ हट्टाचे नव्हते. सुधारकांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावे, मुलीचे लग्न सोळाच्या आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, अशी सूचना त्यांनी आधी केली होती. कायद्याच्या बारापेक्षा ही सोळाची अट कितीतरी पुढची! आगरकरांचे म्हणणे, समजूत पटेपर्यंत वाट पाहायची तर तोवर किती मुली जातील?

मी पुष्कळ वर्षे या वादात टिळकांच्या बाजूला झुकलेली होते. लोकांना न विचारता वरून आलेला हुकूम मलाही सोसत नाही. माझे मत बदलले ते रखमाबाईंच्या खटल्यामुळे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. 1885 मध्ये एका न्यायाधीशाने तिच्या बाजूने निकाल दिला; 1887 मध्ये दुसऱ्याने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करला. 1888 मध्ये तडजोड झाली म्हणून ती वाचली, आणि पुढे डॉक्टर झाली. आता विचार करा. सरकारने घरात येऊ नये म्हणणाऱ्यांना हे दिसले नाही काय, की सरकार आधीच घरात येऊन बसले होते, आणि नवऱ्याच्या बाजूला बसले होते? बाहेर राहणारे सरकार बायकोला तुरुंगाची भीती कसे घालील?

मात्र आगरकरांच्या भक्तांनाही एक सांगायला हवे. 1891 च्या कायद्याने बालविवाह थांबले नाहीत. कायदा दार उघडतो, पण मुलीला बाहेर आणायला कोणीतरी मनाने तयार झालेले माणूस घरातच लागते. तिथे टिळकांचा मुद्दा उभा राहतो तो राहतोच.

हा वाद जुना झाला असे कोणी म्हणू नये. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. फुल्यांच्या निवेदनानंतर 128 वर्षांनी. त्यात खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा गरिबांच्या मुलांसाठी आहेत आणि त्यांची फी सरकारने भरायची आहे. मिलने 1859 साली सुचवलेली वाट जवळपास हीच: सरकारने शिक्षण सक्तीचे करावे, गरिबाची फी भरावी, पण सगळ्या शाळा आपल्या मुठीत ठेवू नयेत. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ती जबाबदारी नाही. आमच्या उपनगरांत एवढ्या अंतरात पालिकेची शाळा कुठे नसते? माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई पाच रस्त्यापलीकडे चार घरची धुणीभांडी करते. ती कागदांची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, आता काय करायचं?” मला उत्तर सुचेना. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. फीची रक्कम सरकारकडून वेळेवर येत नाही, ही शाळांची तक्रारही खोटी नव्हे. पण त्या बाईच्या पिशवीतले कागद पुन्हा कामाचे झाले ते न्यायालयामुळे.

तेव्हा सरकार असावे की नसावे, असा प्रश्न मला पडत नाही. ते कोणाच्या बाजूला बसले आहे, एवढे मी पाहते. लिहिणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवायला ते आले तर मी डोंगरीच्या कैद्यांबरोबर. लहान मुलाच्या वाटेतला धोंडा उचलायला आले तर मी फुल्यांबरोबर. आणि दोन्ही वेळा त्याच्यावर नजर ठेवणारे न्यायालय हवे, वर्तमानपत्र हवे.

परवा सँडहर्स्ट रोडला उतरून डोंगरीत जाऊन आले. उमरखाडीला आता मुलांचे निरीक्षणगृह आहे. फाटकाबाहेर एक आई डबा घेऊन उभी होती. आतून मुलांचा गलका येत होता, आणि कोणीतरी त्यांना गप्प बसा म्हणून दटावीत होते.