साष्टीचीं चित्रें आणि विलायतेचे रंग

थॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार १७८६ मध्यें कलकत्त्यास उतरले आणि सुमारें सात वर्षें हिंदुस्थानभर हिंडले. मुंबईस ते १७९३ मध्यें आले. येथें जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें त्यांना आसपासचीं लेणीं दाखविलीं. पुढें १७९५ ते १८०८ या काळांत ‘ओरिएंटल सीनरी’ हा त्यांचा १४४ चित्रांचा संग्रह लंडनमध्यें निघाला. त्यांत साष्टीच्या लेण्यांचींही चित्रें आहेत. वर्सोवा, अंधेरी, बोरिवली हीं आजचीं उपनगरें वसलीं आहेत तीच ही साष्टी.

या चित्रांच्या नकला आज सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या दिसतात, व ‘त्या काळीं आपला प्रदेश असा होता’ असें मुलांना सांगण्यांत येतें. हा पुरावा कितपत ग्राह्य आहे?

रेषेपुरता तो भक्कम आहे. डॅनियलद्वय ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ या यंत्राच्या साह्यानें रेखाटन करीत. त्यामुळें खांबांचें प्रमाण व डोंगराची कड यांवर विश्वास ठेवावा. छायाप्रकाशही बराचसा त्यांचाच. ताम्रपटावर राळेची पूड बसवून आम्लानें छटा उठविण्याची अ‍ॅक्वाटिंटची कला त्यांनीं स्वतः हस्तगत केली होती. परंतु रंगाची गोष्ट निराळी. छापून निघालेल्या प्रतीवर जलरंग हातानें चढवीत, आणि तेंही लंडनमध्यें, मूळ स्थळ पाहिल्यावर कित्येक वर्षांनीं. जागेवरचीं टिपणें जवळ होतीं हें खरें. तरी गढवाल असो, मदुरा असो वा साष्टी असो, आकाश बहुधा एकाच सौम्य प्रकृतीचें दिसतें. तें आकाश आमचें नव्हे.

वेसाव्याच्या खाडीवर ओहोटीच्या वेळीं उभें राहावें, म्हणजे आमचें म्हणणें पटेल. काळसर चिखल, बांबूंवर वाळणारे बोंबील, मृगापूर्वींचें पांढरें, डोळे दिपविणारें ऊन, आणि पलीकडे मढचा किल्ला. त्या काळच्या प्रवासी चित्रकारानें किल्ला तेवढा उचलला असता. कोळी त्याच्या चित्रांत आला असता तो भिंतीची उंची दाखविण्यापुरता.

एतद्देशीयांनीं ही उणीव भरून काढली काय? रविवर्म्यानें १८९४ मध्यें मुंबईंत छापखाना काढला. त्याचा बंधु राजराजवर्मा चांगला निसर्गचित्रकार होता. तथापि छापखान्याची कीर्ति झाली ती देवदेवतांच्या चित्रांनीं. देव घरोघर पोंचले, खाडी व डोंगर मागें राहिले.

आतां संगणकावरून उत्तम कागदावर चित्र छापतां येतें, व तरुण चित्रकार प्रवासांत रंगविलेल्या चित्रांच्या प्रती विकतात. सामान्य गृहस्थास परवडणारें चित्र मिळावें, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र चित्रकारानें पहिली प्रत मूळ चित्राशेजारीं दिवसाच्या उजेडांत धरून पाहावी, आणि साधल्यास ती घेऊन पुन्हा त्याच किनाऱ्यावर जावें. एवढे श्रम न घेतां छापलेली प्रत कितीही सुबक असली, तरी तिच्यांतील समुद्र पाहून वेसाव्याचा मनुष्य त्यास आपला म्हणणार नाहीं.