संतचरित्रातील गाळलेली पंचवीस वर्षे

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपण कविता, आत्मचरित्र, पुराण, अनुवाद यांची आवर्जून दखल घेतो. संतचरित्राची मात्र घेत नाही. वास्तविक कॅथॉलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला आणि ऐकला गेलेला वाङ्मयप्रकार तोच आहे. कधी नोवेनाची पुस्तिका, कधी सणाची स्मरणिका, कधी धर्मशिक्षणाच्या वर्गातील धडा, तर कधी चर्चच्या अंगणातील नाटुकले, अशी त्याची रूपे बदलतात; परंतु ‘देवाच्या कामासाठी बाहेर पडणे म्हणजे काय’ याची पहिली कल्पना आपल्या मुलांना तेथूनच मिळते. ज्या वाङ्मयाचा संस्कार इतका खोल, त्याची चिकित्साही तितक्याच आस्थेने व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात एकाच चरित्राच्या कथनपद्धतीचा विचार करावयाचा आहे. ते चरित्र म्हणजे वसईचा सुपुत्र आणि भारतभूमीत जन्मलेला पहिला घोषित संत गोन्सालो गार्सिया याचे.

चरित्राची रूपरेषा आपल्या परिचयाची आहे. इ. स. १५५७ च्या सुमारास वसईत जन्म. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या छायेत शिक्षण. वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, १५७२ साली, त्यांच्याबरोबर जपानला प्रयाण. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मरण. १६२७ साली ‘धन्य’ म्हणून मान्यता आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांच्या हस्ते संतपद.

ही रूपरेषा मांडताना आपली चरित्रे एक चमत्कारिक उडी घेतात. जहाज वसईहून निघते आणि पुढच्या परिच्छेदात क्रूस उभा राहतो. या दोन घटनांमध्ये पंचवीस वर्षांचे अंतर आहे. क्योतो येथे शिपायांचा पहारा बसला तो डिसेंबर १५९६ मध्ये. तेथून मरणापर्यंतचा काळ जेमतेम दोन महिन्यांचा. त्या दोन महिन्यांना आपण पाने देतो. कापलेला कान, हिवाळ्यातून घडलेली शेकडो मैलांची पायपीट, टेकडीवरील अखेरचे क्षण, सारे काही तपशिलाने येते. पंचवीस वर्षांना मात्र ‘तेथे त्यांनी मोठ्या निष्ठेने सेवा केली’ एवढे एकच वाक्य पुरते. माझ्या मते हा केवळ विस्ताराचा प्रश्न नाही. या एका वाक्याने चरित्राचा गाभाच झाकला जातो.

त्या वर्षांत घडले ते असे. वसईहून गेलेला हा मुलगा जपानी भाषा शिकला आणि सुमारे आठ वर्षे त्याने येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली धर्मशिक्षक म्हणून काम केले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हीच त्याची मिशनकार्याची उमेदवारी. आपणही या संघाचे सभासद व्हावे, ही त्याची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. त्याने संघाचा निरोप घेतला आणि तो व्यापारात पडला. पूर्वेच्या सागरी पेठांत त्याचा जम बसला, हाती पैसा आला. पुढे तो फिलिपाईन्समधील मनिला येथे गेला आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर दीक्षेविना सेवा करणारा साधा बंधू म्हणून. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश गव्हर्नरांचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो बरोबर होता. त्यानंतर क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी चर्च आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले, त्या कार्यातही तो होता.

उमेदवारी, नकार, दुकानदारी, पुन्हा प्रवेश, दुभाषेपण, रुग्णसेवा: एका माणसाच्या आयुष्यात एवढी वळणे असताना चरित्रकाराने ती गाळावीत, हे आश्चर्य नव्हे काय? यामागे लेखकांचा हलगर्जीपणा आहे असे मी म्हणणार नाही. त्याचे मूळ या प्रकाराच्या घडणीत आहे. रक्तसाक्षीचे चरित्र पहिल्या शतकांपासून मरणाच्या दिवसाभोवती रचले गेले. पंचांगातही आपण संताचा मृत्युदिन हाच त्याचा सण मानतो. मराठीपुरते बोलावयाचे तर महिपतींच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) घालून दिलेली वाटही जवळच होती. तेथेही भक्ताचे आयुष्य सलग वाहत नाही. प्रसंगामागून प्रसंग येतात आणि प्रत्येक प्रसंग देवाच्या साक्षात्काराने उजळून निघतो. या दोन्ही परंपरांचे संस्कार घेऊन आलेल्या आपल्या लेखकाला व्यापारी गोन्सालोचे काय करावे हे कळले नसेल, तर ते स्वाभाविक आहे. पेढीवर बसलेल्या संताला आरती कशी ओवाळायची?

भाषेचाही यात वाटा आहे. आपली चरित्रे पंधरा वर्षांच्या मुलालाही ‘ते निघाले’, ‘ते म्हणाले’ असे आदरार्थी बहुवचन लावतात. हेतू भक्तीचा असतो. परंतु परिणाम असा होतो की बोटीत पाय ठेवणारा मुलगा दिसेनासा होतो आणि जन्मापासूनच प्रौढ असलेला एक पुरुष उभा राहतो. ज्ञानोबा-तुकोबांना एकेरीत हाक मारणारी आपली भाषा आहे. जवळिकीने आदर उणावत नाही, हे तिला ठाऊक आहे. विशेषणांचेही तसेच. ‘थोर’, ‘अलौकिक’, ‘असामान्य’ या शब्दांची रास वाढते तसतसा माणूस त्याखाली दडपला जातो.

याउलट जे चरित्र आपल्या मनात घर करून राहते, त्याची रीत निराळी असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. रेव्हरंड टिळकांचा लहरीपणा, घरातील ओढग्रस्त, स्वतः लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळेओवळे आणि ते हळूहळू गळून पडणे, यांतील काहीही त्यांनी लपविले नाही. त्यामुळे टिळकांची थोरवी कमी झाली, असे कोणी म्हणेल काय? श्रद्धा एका रात्रीत सिद्ध होत नाही, ती घरातील रोजच्या व्यवहारातून पिकत जाते, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने पटवून दिले. ते पंथाने आपले नसेल, पण चरित्रलेखनाचा त्याहून चांगला धडा आपल्याला मराठीत शोधूनही मिळणार नाही.

निशिझाकाच्या टेकडीवरच आणखी एक उदाहरण आहे. गोन्सालोसोबत मरण पावलेला फेलिपे हा मेक्सिकोचा तरुण. तोही घरून फ्रान्सिस्कन संघात गेला होता आणि तेथून परत फिरला होता. पुढे तो मनिलाला गेला आणि तेथे दुसऱ्यांदा त्याच संघाचे दार त्याने ठोठावले. मेक्सिकोच्या लोकांनी हे लपवून ठेवले नाही. हा खोडकर पोर कधी संत व्हायचा असेल, तर अंगणातले वठलेले अंजिराचे झाड हिरवे होईल, असे त्याच्या दाईने म्हटले आणि त्याच्या मरणाच्या दिवशी त्या झाडाला पालवी फुटली, अशी आख्यायिका तेथे प्रेमाने सांगतात. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण तिने फेलिपेचा खोडकरपणाही जपला आणि त्याचे परत येणेही. आपण गोन्सालोचे दुकान जपले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. संतचरित्र हे इतिहासाचे पुस्तक नव्हे. ते प्रार्थनेचे साधन आहे. रक्तसाक्षीच्या जीवनाचा अर्थ त्याच्या मरणात प्रकट होतो, मग बाकीच्या वर्षांचा खटाटोप कशाला? यातील पहिले विधान मला मान्य आहे. दुसरे अर्धेच मान्य आहे. मरणाने अर्थ प्रकट होतो हे खरे, पण अर्थ असावयास आधी आयुष्य असावे लागते. गोन्सालोच्या बाबतीत तर मरणाचा रस्ताच त्या गाळलेल्या वर्षांतून जातो. आठ वर्षांच्या उमेदवारीत तो जपानी शिकला नसता, तर शिष्टमंडळाला दुभाषा म्हणून त्याची गरज पडली नसती. आणि येशूसंघात त्याला प्रवेश मिळाला असता, तर तो मनिलाला गेला असता की नाही, कोण जाणे. ज्या नकाराला आपण अपयश समजून वगळतो, त्याच दारातून तो नागासाकीला पोहोचला.

त्याच दिवशी त्याच टेकडीवर येशूसंघाचे तिघे जपानी होते: पॉल मिकी, योहान गोतो आणि याकोब किसाई. यांपैकी गोतो आणि किसाई यांना संघात रीतसर स्वीकारण्यात आले, ते मरणाच्या अगदी उंबरठ्यावर. तारुण्यात ज्या संघाची आस धरली, त्याचे दार दुसऱ्यांसाठी उघडलेले आणि आपण दुसऱ्याच संघाच्या झग्यात, अशा स्थितीत गोन्सालो तेथे उभा होता. त्याच्या मनात काय आले असेल हे आपण रचू नये. पण ही वस्तुस्थिती शब्दांत मांडण्याइतके धैर्य तरी चरित्रकाराने दाखवावे. आजही ६ फेब्रुवारीला विश्वव्यापी ख्रिस्तसभा ‘पॉल मिकी आणि त्यांचे सोबती’ असा सण साजरा करते. आपला वसईकर त्या ‘सोबत्यां’मध्ये आहे.

काही लेखक ही पोकळी कल्पनेने भरून काढू पाहतात. संतांच्या तोंडी दीर्घ भाषणे घालतात. तो मार्ग धोक्याचा आहे. कल्पनेला वाव हवा असेल, तर तो कादंबरीला द्यावा. जपानी कॅथॉलिक लेखक शुसाकु एन्डो यांनी ‘चिन्मोकु’ म्हणजे ‘मौन’ या कादंबरीत (१९६६) तेच केले. पोर्तुगालहून गोवा-मकाव मार्गे छळाच्या काळात जपानला पोहोचणाऱ्या तरुण धर्मगुरूची ती कथा. तिचा रोख धैर्याने मेलेल्यांपेक्षा खचलेल्यांवर अधिक आहे. ती वाचून अनेक भाविक अस्वस्थ झाले, काही रागावलेही. पण दुर्बलांनाही कथेत जागा असते, हे तिने दाखवून दिले. चरित्रकाराला एन्डो यांचे स्वातंत्र्य नाही. त्यांची नजर मात्र घेता येईल.

गोन्सालोने स्वतः लिहिलेले काही आपल्यापुढे असते, तर काम सोपे झाले असते. त्याच काळात उलट दिशेने आलेल्या एका तरुणाशी त्याची तुलना करावीशी वाटते. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा तरुण येशूसंघीय ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला. त्या प्रवासाविषयी त्याने वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पुढे साष्टीच्या लोकांत राहून तो आपली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. गोव्यात पाऊल ठेवल्यापासून सदतीस वर्षांनी! परभाषा अंगी मुरावयास किती वर्षे लागतात, याचा तो पुरावाच आहे. मराठी समीक्षेने स्टीफन्सच्या या साधनेचे मनापासून कौतुक केले. तीच साधना आपल्या वसईच्या मुलाने जपानीत केली, तिची मात्र आपण दोन ओळींत बोळवण केली. त्याच्या हातून पुराण लिहिले गेले नाही. पण ज्याच्या मुखातून दोन लोक एकमेकांशी बोलले, त्याचे काम कमी मोलाचे कसे?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या मिशनकार्याविषयीच्या आदेशात भाषा आणि संस्कृती यांच्या अभ्यासावर भर दिला आणि प्रापंचिकांच्या सहभागाला मोकळेपणाने स्थान दिले. त्या कसोटीवर पाहिले तर गोन्सालोच्या आयुष्याची गाळलेली वर्षेच आजच्या वाचकाला अधिक जवळची ठरतात.

हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागरसारख्या वस्तीचा विचार करा. वसई, अहिल्यानगर, गोवा, मंगळूर, केरळ अशा ठिकाणांहून नोकरीधंद्यानिमित्त येऊन या औद्योगिक पट्ट्यात स्थिरावलेल्या कॅथॉलिक कुटुंबांतील तरुण आज सहजपणे परदेशी जातात. बहुतेक नोकरीसाठी, काही शिक्षणासाठी, तर एखादा वर्ष-दोन वर्षांच्या सेवाकार्यासाठी. काही मुले-मुली व्रतस्थ जीवनाची वाट धरतात. सेमिनरीत किंवा मठात पाऊल ठेवणारा प्रत्येक जण अखेरच्या व्रतापर्यंत पोहोचतो असे नाही. कोणी स्वतः परततो, कोणाला परत जाण्यास सांगितले जाते. मग घरात दबक्या आवाजात बोलणे सुरू होते, शेजारी विचारणे टाळतात, आई मिस्साला मागच्या बाकावर बसू लागते. त्या मुलाला आपण कोणते चरित्र देतो? ज्यात बोट सुटते आणि क्रूस उभा राहतो, ते. त्यात त्याच्यासाठी जागाच नाही.

गोन्सालोचे पूर्ण चरित्र त्याच्या हाती असते, तर आठ वर्षांची सेवा नकाराने वाया जात नाही, हिशेबाच्या वहीत डोके घालून बसलेल्या माणसालाही पुन्हा हाक येऊ शकते आणि संतपदाला पोहोचण्यासाठी धर्मगुरूच व्हावे लागते असे नाही, हे त्याला कोणी उपदेश न करता कळले असते. ज्या वस्तीच्या नावातच ‘सौदागर’ आहे, तेथील वाचकाला तरी व्यापारी संताचे वावडे नसावे.

१९९८ साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस रक्तसाक्षींचे स्मारक १९६२ सालीच उभे राहिले. दगड आणि ब्राँझ यांनी आपले काम केले आहे. शब्दांचे काम अजून उरले आहे. मराठीत या संताचे एक असे चरित्र लिहिले जावे, ज्यात वसईचा धक्का असेल, जपानी अक्षरे गिरवणारा परका मुलगा असेल, न मिळालेला प्रवेश असेल, मालाची मोजदाद असेल, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारे हात असतील आणि या सर्वांच्या शेवटी क्रूस असेल. असे चरित्र वाचून वेदीसमोर गुडघे टेकणारा वाचक आधीइतक्याच भक्तीने प्रार्थना करील; फक्त आपण कोणापुढे प्रार्थना करीत आहोत, हे त्याला नीट ठाऊक असेल.