‘जमीन’ : एका चित्राचे वाचन

प्रास्ताविक

आपल्या महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली दिल्लीला जातात तेव्हा लाल किल्ला, जामा मशीद, कुतुबमिनार आणि पुढे आग्रा हा क्रम ठरलेला असतो. इंडिया गेटपाशी बस थांबते, छायाचित्रे निघतात आणि बस पुढे जाते. तेथून जवळच जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, याची आठवण सहसा कोणाला होत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सहलीत हा क्रम थोडा बदलला. आग्र्याची बस दुसऱ्या दिवसावर गेल्यामुळे अर्धा दिवस मोकळा मिळाला आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी या संग्रहालयात गेलो. तेथे एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते चुकीचे होते. ते का चुकले हे समजायला मला दुसऱ्यांदा, एकट्याने तेथे जावे लागले. प्रस्तुत लेख त्या चुकीविषयी आहे.

संग्रहालय आणि आपण

जयपूरच्या महाराजांसाठी १९३६ साली बांधलेल्या या वास्तूत २९ मार्च १९५४ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. २००९ साली मागील बाजूस नव्या इमारतीची भर पडली. पहिले अभिरक्षक हर्मन गोएट्झ हे जर्मन कलेतिहासकार त्याआधी बडोद्याच्या संग्रहालयाचे काम पाहत होते. म्हणजे दिल्लीच्या या संस्थेची पहिली घडी बसवणारा माणूस बडोद्याहून गेलेला होता.

हा धागा येथेच तुटत नाही. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेला ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ आपण मुंबईचा म्हणून ओळखतो. परंतु त्याच्या सहा संस्थापकांची गावे पाहावीत. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातील साळगावचे, कृष्णाजी हौळाजी आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, सदानंद बाकरे यांचा जन्म बडोद्याचा, सय्यद हैदर रझा मध्य प्रांतातील बाबरियाचे, हरी अंबादास गाडे विदर्भातले आणि मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, बालपण इंदूरचे. गोवा, हैदराबाद, बडोदा, इंदूर ही आपल्याच वस्तीची गावे. वाङ्मयाच्या इतिहासात ही गावे परिघावर राहिली. चित्रकलेच्या इतिहासात मात्र या परिघावरूनच मुंबईत माणसे आली आणि त्यांनी नवे वळण आणले. ही गोष्ट आपल्या वर्गात सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

दोन चित्रे

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. विद्यार्थी ज्या चित्रापुढे सर्वात जास्त वेळ थांबले ते अमृता शेरगिल यांचे ‘तीन मुली’ हे १९३५ सालचे तैलचित्र. तीन तरुण मुली जवळजवळ बसल्या आहेत. कोणी कोणाकडे पाहत नाही, प्रेक्षकाकडेही नाही. पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी आहे. त्या कोण, कोठल्या, कशाची वाट पाहत आहेत, हे सांगणारी एकही वस्तू चित्रात नाही. तरीही विद्यार्थ्यांना हे चित्र लगेच ‘कळले’. खालच्या नजरा, स्थिर हात आणि दबलेला उजेड या सर्वांचा रोख एकाच भावाकडे आहे. उर्दू काव्याच्या परिभाषेत बोलायचे तर हे चित्र नज्म आहे. एक विषय, एक भाव आणि आरंभापासून शेवटापर्यंत त्याचीच जोपासना.

त्यानंतर आम्ही हुसेन यांच्या ‘जमीन’ या चित्रापुढे आलो. हे १९५५ सालचे चित्र. त्याच वर्षी ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले. उंचीच्या मानाने कितीतरी पट लांब असा हा आडवा पट आहे. त्याचे लहानमोठे भाग पाडलेले आहेत आणि त्यांत ग्रामीण जीवनातली माणसे, जनावरे, नित्याच्या वस्तू आणि काही खुणा आहेत. एक विद्यार्थिनी डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे चालत गेली. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्या मुलीला दोन्ही दिशा सारख्याच स्वाभाविक. मग तिने विचारले, “सर, यातली गोष्ट सुरू कुठून होते?”

मी उत्तर दिले, “गोष्ट नाही, हे ग्रामजीवनाचे चित्रण आहे.” तिने वहीत तेवढे लिहून घेतले आणि आम्ही पुढे गेलो.

चूक कोठे झाली?

माझे उत्तर परीक्षेच्या दृष्टीने बरोबर होते. ‘प्रस्तुत कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहा’ या प्रश्नाला आपण विद्यार्थ्यांकडून जसे उत्तर घेतो तसेच ते होते. पण मुलीने विषय विचारला नव्हता, रचना विचारली होती. हे भाग एकमेकांशी कशाने जोडलेले आहेत, असा तिच्या प्रश्नाचा अर्थ होता. आणि त्याचे उत्तर चित्राच्या नावातच होते, तेही माझ्या स्वतःच्या विषयातले.

‘जमीन’ म्हणजे भूमी, हा अर्थ मराठीत आणि उर्दूत सारखाच आहे. पण गझल शिकवणाऱ्याला दुसरा अर्थही ठाऊक असतो. बहर, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जी चौकट ठरते तिला जमीन म्हणतात. तरही मुशायऱ्यात एकच ओळ देऊन सर्व कवींना त्याच जमिनीत लिहायला सांगतात. मराठी गझलकारही हा शब्द याच अर्थाने वापरतात. तिसरा अर्थ कारागिरांचा. रंगकाम किंवा नक्षीकाम ज्या पृष्ठावर उठवायचे तो तळ म्हणजे जमीन.

गझलेतला प्रत्येक शेर अर्थाच्या दृष्टीने स्वतंत्र असतो. एका शेरात विरह, पुढच्यात जगाची थट्टा, त्यापुढे फकिरी, असे चालते. त्यांना गोष्ट जोडत नाही, जमीन जोडते. हुसेन यांचा पट असाच वाचावा, असे मला दुसऱ्या भेटीत जाणवले. प्रत्येक भाग आपापल्यापुरता पुरा आहे. शेजारच्या भागात तो शिरत नाही आणि त्याचे कारणही सांगत नाही. पण जाड, ठाम रेषा पुन्हा पुन्हा येते आणि मातकट रंगांचा तळ सर्वत्र टिकून राहतो. रदीफ जसा प्रत्येक शेराच्या शेवटी येऊन कान स्थिर करतो, तशी ही रेषा डोळा स्थिर करते. म्हणूनच ती मुलगी दोन्ही दिशांनी चालू शकली आणि कोठेही अडखळली नाही.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप येईल की साहित्याचे शिक्षक चित्रावर कवितेची मापे लादतात. हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. चित्र एका नजरेत समोर असते, कविता क्रमाने येते. गझलेत मतला आणि मक्ता असतात. या पटाला तसा आरंभ नाही आणि शेवटी कवीचे नाव गुंफण्याची सोयही नाही. तेव्हा ‘जमीन ही गझल आहे’ असे म्हणणे चुकीचे होईल. माझे म्हणणे एवढेच आहे की तुटक भागांतून एकसंध कृती उभी राहण्याची जी रीत आपण गझलेत मान्य करतो, ती चित्रात दिसल्यावर ‘गोंधळ’ म्हणून नाकारू नये. हुसेन यांनी हे नाव गझल मनात ठेवून दिले की नाही, यावर हे वाचन अवलंबून नाही. तुलनेमुळे चित्रातले काही जास्त दिसत असेल तर ती ठेवावी, नसेल तर सोडावी, ही माझी कसोटी आहे.

वाद आणि चित्र

येथे एक अवघड गोष्ट नमूद केली पाहिजे. सहलीआधी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला आपुलकीने सुचवले होते, “हुसेनचे नाव वर्गात कशाला? वाद नको.” त्यांचा हेतू चांगला होता. हुसेन यांच्या काही चित्रांवरून खटले झाले, प्रदर्शनांवर हल्ले झाले आणि २००६ साली ते देश सोडून गेले. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दुसरीकडे, २००४ साली त्यांच्या ‘मीनाक्षी’ या चित्रपटातील कव्वालीच्या शब्दांना मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली आणि त्यांनी तो चित्रपट चित्रगृहांतून काढून घेतला. दोन्ही बाजूंच्या आक्षेपांचा विचार व्हायला हरकत नाही. पण माझ्या विद्यार्थ्यांना हुसेन माहीत होते ते केवळ बातमी म्हणून. त्यांनी चित्र एकही पाहिले नव्हते. आक्षेप घेणाऱ्यानेही आधी पाहिलेले असावे, ही किमान अट आहे आणि ती पुरी करून देणे हे शिक्षकाचे काम आहे. वाद टाळण्यासाठी आपण चित्रही टाळले, तर विद्यार्थ्याच्या हाती फक्त वाद उरतो.

समारोप

सहलीच्या क्रमात हे संग्रहालय घालावयाचे असल्यास काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सोमवारी ते बंद असते. दालनांतील मांडणी बदलत असते, त्यामुळे ठराविक चित्र पाहायचे असल्यास आधी चौकशी करावी. दिल्ली दूर पडत असेल तर १९९६ पासून मुंबईत आणि २००९ पासून बेंगळुरूमध्ये याच संग्रहालयाची दालने आहेत. बेळगाव आणि गोव्याच्या महाविद्यालयांना ती जवळची आहेत. एका भेटीत तीनचार चित्रांपेक्षा अधिक शिकवण्याचा आग्रह धरू नये. आणि चित्रापुढे उभे राहिल्यावर पहिली पाच मिनिटे शिक्षकाने गप्प राहावे. हा नियम मी स्वतःवर घातलेला आहे.

सहलीनंतर पुष्कळ दिवसांनी ती विद्यार्थिनी भेटली. मी तिला सांगितले, “तुझ्या प्रश्नाला मी चुकीचे उत्तर दिले होते.” आणि जमिनीचे तिन्ही अर्थ सांगितले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “सर, मग त्या चित्रात मला जो भाग आवडला तो मी शेरासारखा वेगळा लक्षात ठेवला तरी चालेल ना?” चालेल, असे मी म्हणालो. गझल शिकवताना इतकी वर्षे मी हेच सांगत आलो होतो. फक्त चित्रापुढे उभा राहिलो तेव्हा ते मला आठवले नव्हते.