कालिया, त्याचे दोन सोबती आणि तुमचा सिनॉप्सिस

पेटचा निकाल लागला की केज, माजलगाव, परळीकडच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, सिनेमावर विषय घ्यायचाय. मोठा नट घेते, म्हणजे साहित्य भरपूर मिळेल." साहित्य भरपूर मिळतं हे खरं. पण साहित्य भरपूर असलं की आपण वाचतो जास्त आणि बघतो कमी. म्हणून आज एका छोट्या भूमिकांच्या नटाबद्दल लिहिते. त्यांच्यावर लिहिताना मी जी चूक केली, तीही सांगते. ती तुम्ही करू नका.

नट म्हणजे विजू खोटे. नाव वाचून चेहरा आठवला नाही, तर 'शोले'तला कालिया म्हणा. लगेच आठवेल.

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: "विजू खोटे यांनी तीनशेहून अधिक चित्रपटांत काम केले आणि कालियाच्या भूमिकेने त्यांना अमर केले." मला ते फार आवडलं होतं. गाईडनी त्यावर पेन्सिलीने दोन गोल काढले. एक 'तीनशे'भोवती, दुसरा 'अमर'भोवती. पहिल्यापाशी लिहिलं, "यादी कुठंय?" दुसऱ्यापाशी, "हा पुरावा आहे की हार?"

यादी माझ्याकडे नव्हती. विजू खोटे 30 सप्टेंबर 2019 रोजी गेले, तेव्हाच्या बातम्यांमधून मी तो आकडा उचलला होता. दहा ठिकाणी तोच आकडा दिसला म्हणून खरा धरला. दहा वर्तमानपत्रांनी एकच आकडा छापला, तर ते दहा पुरावे होत नाहीत. बऱ्याचदा तो एकच पुरावा दहा वेळा छापलेला असतो. हे कोर्सवर्कमध्ये शिकवतात, पण स्वतःच्या वाक्यावर गोल पडल्याशिवाय कळत नाही.

आता आकड्यांचंच दुसरं उदाहरण बघा. जगदीश राज नावाचे नट होते. हिंदी सिनेमात पोलीस दिसला की तो बहुधा हेच. 144 चित्रपटांत पोलिसाची भूमिका केल्याबद्दल त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. हा विक्रम मोजता आला, कारण खाकी गणवेश मोजता येतो. विजू खोटेंच्या अंगावर असा एकच गणवेश नाही. कधी डाकू, कधी गुंड, कधी नोकर, कधी नुसताच वेंधळा गृहस्थ. म्हणजे जे मोजायला सोपं, त्याची नोंद लवकर होते. जे मोजायला अवघड, त्याचं महत्त्व त्यामुळे कमी ठरत नाही. तुमच्या विषयातही हे होणार आहे, आत्ताच लक्षात ठेवा.

थोडी माहिती देते. जन्म 17 डिसेंबर 1941. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांच्या काळातले नट. थोरली बहीण शुभा खोटे, जिचा पहिला गाजलेला सिनेमा 'सीमा' 1955 चा. 'अयोध्येचा राजा' (1932) मधल्या तारामती, म्हणजे दुर्गा खोटे, नात्याने चुलती. स्वतः विजू खोटे 1964 च्या 'या मालक'मध्ये पडद्यावर आले. ही माहिती मुद्दाम देतेय. छोट्या भूमिका करणारा नट म्हणजे बाहेरून आलेला, ओळखपाळख नसलेला, उपेक्षित माणूस, असं गृहीतक माझ्या मनात आधीच तयार होतं. खोटेंच्या घराने ते मोडलं. गृहीतक मोडलं की वाईट वाटतं, पण ते सिनॉप्सिसमध्ये मोडलेलं बरं, व्हायव्हात मोडण्यापेक्षा.

आता 'अमर' या शब्दाकडे येऊ. कालिया अमर झाला म्हणतो आपण, पण तो पडद्यावर नेमकं करतो काय? 'शोले' (15 ऑगस्ट 1975, दिग्दर्शक रमेश सिप्पी) तीन तासांहून बराच लांब आहे. त्यात कालियाच्या वाट्याला मोजून दोन प्रसंग येतात. मी ते वही घेऊन, थांबवत थांबवत पाहिले. तुम्हीही पाहा.

पहिल्या प्रसंगात कालिया दोन सोबत्यांना घेऊन रामगढमध्ये धान्य वसूल करायला येतो. इथे तो मालक आहे. गावकरी मान खाली घालून पोती आणतात आणि हा घोड्यावरून हिशेब विचारतो. आवाजात सुस्ती आहे. घाई नसलेल्या माणसाची, ज्याला कुणी अडवणार नाही याची खात्री आहे, त्याची सुस्ती. मग ठाकूर, जय आणि वीरू यांच्यापुढे त्याला पळावं लागतं.

दुसरा प्रसंग अड्ड्यावरचा. तोच माणूस, तेच कपडे. पण आता तो गब्बरपुढे उभा आहे. सुस्ती गेली, हात अंगाला चिकटले, उत्तरं तोंडातल्या तोंडात. लक्षात घ्या, गब्बर आपल्याला इथे पहिल्यांदा दिसतो. त्याने अजून आपल्यासमोर कुणालाही मारलेलं नाही. तरी आपण घाबरतो, कारण मघाशी अख्ख्या गावाला दमात घेणारा माणूस इथे थरथरतोय. गब्बर किती मोठा, हे आपण कालियाच्या चेहऱ्यावर मोजतो. अमजद खानच्या भूमिकेची निम्मी भीती विजू खोटेंनी उभी केली, असं मी म्हणेन. 'निम्मी' हा शब्द समीक्षेचा आहे, मोजमापाचा नाही. प्रबंधात असा शब्द वापरलात तर हा फरक सांगून वापरा.

पुढे पिस्तुलाचा खेळ होतो. तीन गोळ्या हवेत, तीन आत, आणि तिन्ही डोक्यांवर घोडा रिकामाच पडतो. गब्बर हसतो, टोळी हसते, आणि मग हे तिघंही हसायला लागतात. ते हसू पाहा. सुटकेचं हसू, पण त्यात परवानगी मागितल्यासारखं काहीतरी आहे. साहेब हसले म्हणून हसायचं. आपणही प्रेक्षागृहात हसतो, आणि तेवढ्यात गोळ्या सुटतात. त्या हसण्यात सामील झाल्याची लाज नंतर थोडा वेळ राहते.

अर्थात हे श्रेय एकट्या नटाचं नाही. प्रसंग सलीम-जावेद यांनी लिहिला. किती वेळ चेहऱ्यावर थांबायचं आणि कधी कापायचं, हे संकलक एम. एस. शिंदे यांचं काम. 'शोले'ला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो एकच, आणि तो या मराठी माणसाला, संकलनासाठी. म्हणून "विजू खोटेंनी प्रसंग अमर केला" असं लिहिण्याआधी विचारा: पटकथेचा वाटा किती, कात्रीचा किती, नटाचा किती? पूर्ण वेगळं काढता येत नाही. पण प्रश्न विचारल्याचं वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आणखी एक वाटेकरी आहे, तो मला घरातच सापडला. माझ्या वडिलांनी 'शोले' आधी ऐकला आणि मग पाहिला. पॉलिडोर कंपनीने गाण्यांबरोबरच संवादांचीही तबकडी काढली होती, आणि लग्नाच्या मांडवात भोंग्यावर ती वाजायची. गावातल्या पोरांना गब्बर-कालियाची सवाल-जवाबं पाठ होती, चेहरे नंतर कळले. म्हणजे कालिया आपल्याकडे पोचला तो आधी आवाज होऊन. नुसता पडदा पाहून लिहिलं असतं, तर हा धागा सुटलाच असता.

मग मी लोकांशी बोलायला लागले. अंबाजोगाईत, धारूरकडे, जिथे जमेल तिथे. केज तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी, ज्यांची हयात ऊसतोडीत गेली, कालियाचं नाव काढताच म्हटलं, "आगं, त्यो मुकादमच की." मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

बीडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीला कोयते निघतात, त्याआधी मुकादम उचल वाटतो. कारखान्याचे पैसे, पण देणारा हात त्याचा. म्हणून टोळीपुढे आवाज त्याचा. आणि मजूर पळाले, ऊस कमी पडला, की कारखान्याच्या ऑफिसात मान खाली घालून उभा राहणाराही तोच. वर मालक, खाली कोयता, मध्ये हा. बाबांनी एका शब्दात जे सांगितलं, ते माझ्या तीन पानांत नव्हतं: कालिया हा मधला माणूस आहे.

हा शब्द हातात धरून मी बाकीच्या भूमिका पुन्हा पाहिल्या. 'अंदाज अपना अपना' (1994) मधला रॉबर्ट. तोही वरच्याचा हुकूम पाळणारा, आणि पाळताना हमखास चुकणारा. कालियाची चूक जिवावर बेतते, रॉबर्टची चूक हशा पिकवते. पण खांदे पाडणं, आधी साहेबाचा चेहरा वाचणं आणि मग बोलणं, हे दोन्हीकडे आहे. तेच शरीर एकोणीस वर्षांनी विनोदासाठी वापरलंय. 'अशी ही बनवाबनवी' (1988) मधला बळी याला अपवाद आहे. तिथे खोटे कुणाच्या हाताखाली नाहीत, स्वतःच उपद्रवी आहेत. गंमत म्हणजे हा सिनेमा दिग्दर्शित केला सचिन पिळगावकरांनी, जे 'शोले'त रामगढचा अहमद होते. मराठीने त्यांना मधल्या जागेतून बाहेर काढलं, असं लिहायचा मोह झाला. पण एका सिनेमावरून असं म्हणता येत नाही, म्हणून ते मी प्रश्न म्हणूनच ठेवलंय.

आणि उणीही बाजू लिहावी लागते. नंतरच्या कित्येक सिनेमांत त्यांना नुसतं ओळखीचा चेहरा म्हणून उभं केलंय. प्रसंगाला त्यांची गरज नाही, फक्त प्रेक्षकाने "अरे, हा तो कालिया" म्हणावं एवढीच अपेक्षा. "गुणी कलावंत" म्हणून त्यावर पांघरूण घातलं की समीक्षेची श्रद्धांजली होते.

बाबांच्या एका वाक्यावर अख्खा प्रबंध उभा राहत नाही, हेही सांगते. गप्पा म्हणजे सर्वेक्षण नव्हे. पण प्रश्न तिथून मिळू शकतो. तो तपासायचा असतो पडद्यावर, कागदावर, आणखी माणसांत.

शेवटी एक गोष्ट, जी मला अजून सुटलेली नाही. त्या दगडांवर गब्बरपुढे तिघं उभे आहेत. कालियाला नाव आहे, वाक्यं आहेत. म्हणून त्याच्यावर मृत्युलेख आले, म्हणून मीही लिहितेय. बाजूच्या दोघांचं काय? तेच घोडे दौडवले, तसेच उभे राहिले, तसेच हसले, तशाच गोळ्या खाल्ल्या. मी इतक्या जणांशी बोलले, त्यांची नावं मला कुणी सांगितली नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही बरेच दिवस विचारली नव्हती. छोट्या भूमिकांवर काम करतेय असं मिरवताना मी त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या माणसाकडेच बघत होते.

सिनॉप्सिसमध्ये आता त्या पहिल्या वाक्याच्या जागी एक प्रश्न आहे: मधल्या माणसाची भूमिका प्रेक्षकाला सत्ता कशी दाखवते? आणि खाली एक टीप, त्या दोघांसाठी.

तुमच्यासाठी काम असं: आवडता सिनेमा लावा, नायक येईल तेव्हा त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे बघा, आणि तो नसता तर प्रसंगात काय कमी झालं असतं, ते पाच ओळींत लिहा. आकडे नकोत, विशेषणं नकोत. लिहून झालं की मला कळवा.